सहा रेघा

अकरा वर्षांनी घरात बाटली आली.
दुकानातली सर्वांत लहान, कोटाच्या आतल्या खिशातून,
पावतीसकट.
त्याने ती टेबलावर ठेवली. लपवली नाही.
म्हणाला, "कुल्याश, ही माशांसाठी आहे."
मी हसले नाही.
याहून बऱ्या थापा ऐकल्या आहेत मी या स्वयंपाकघरात.

साठ लिटरचा समुद्र आहे आमच्याकडे.
दारिगाने मांडला आणि ती शिकायला गेली बुसानला,
खऱ्या समुद्राकाठी.
इथून, कारागांदातून, कुठलाही किनारा गाठायचा
तर आगगाडीत दोन रात्री काढाव्या लागतात.
खिडकीबाहेर उणे एकतीस. काचेच्या पेटीत पंचवीस अंश:
एक पिवळा मासा, दोन प्रवाळ,
आणि पांढऱ्या मिशांची एक कोळंबी.

सेरिकबोल त्यांना खायला घालायचा.
सकाळी, दुपारी, परत चहाच्या वेळी,
पाहुणा या घरातून अर्धपोटी उठू नये म्हणून
वर आणखी एक चिमूट.
उरलेलं वाळूत मुरायचं.
दिसत नाही तेच साठतं आणि एक दिवस जीव घेतं,
हे खाणीने त्याला अठ्ठावीस वर्षं शिकवलं होतं.
वाढताना विसरायचा.

दर रविवारी काचेच्या नळीत पाणी,
त्यात थेंब, मग हलवणं,
मग पाच मिनिटं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघणं.
रंगाचा तक्ता दिव्याखाली धरायचा तो.
लाल. पुढच्या रविवारी लाल. बीट उकडल्यासारखं.
"ऐंशी," म्हणायचा, कुणाचा ताप सांगावा तसा.

पाणी बदललं. एक बादली, मग दोन,
मीठ रात्रभर ढवळून.
स्पंज पिळला, वाळूतली घाण नळीने ओढून घेतली,
खाण्याचा डबा माझ्या ताब्यात आला.
ऐंशीचे साठ झाले. महिन्याने पुन्हा ऐंशी.
कोळंबीने कात टाकली आणि दोन दिवस
दगडाआडून बाहेर आली नाही.

तेव्हा बाजारातला गेन्नादी म्हणाला, वोडका.
पाण्यातल्या जिवाणूंना पाजायची.
ते वाढतात, नायट्रेट खातात,
आणि फेसाच्या यंत्रातून बाहेर पडतात
काळ्या चहासारखे.

मी आयुष्यभर सुया टोचल्या आहेत.
इन्सुलिनची सिरिंज, तिच्यावरच्या सहा रेघा:
थेंब नव्हे, थेंबाची सावली.
त्याचा हात कापत होता. आण इकडे, म्हटलं.
"नको," तो म्हणाला. "मला मोजायला शिकव."

शिकवलं.
बुडबुडा वर आण, टिचकी मार, दट्ट्या हळू.
मग त्याने हात धुतले, साबणाने, दोनदा,
आणि बोटं नाकाशी नेली.
मी पाहिलं.
मी पाहिलं, हे त्यानेही पाहिलं.

बाटली माझ्या शिवणाच्या पेटीत असते.
रोज पातळीपाशी पेन्सिलीची खूण करते मी, त्याच्यासमोर.
काही म्हणत नाही तो.
कधी आधी जाग आली तर पेटीशेजारी बसून राहतो
मी उठेपर्यंत,
गुडघ्यांवर हात ठेवून.

तिसऱ्या आठवड्यात पाणी गढूळलं,
काचेवर पांढरी साय धरली.
दोघंही घाबरलो. रेघा वाढवू नकोस, म्हटलं. थांब.
थांबला.
चाळीस. मग वीस.
नळीतला रंग लिंबू पिळलेल्या चहावर आला.

शून्यावर न्यायचं का रे, मी विचारलं.
"नाही. अगदी शून्य झालं तर प्रवाळ उपाशी मरतं.
थोडं राहू द्यावं लागतं."

बाटलीवरच्या माझ्या खुणा इतक्या दाटीने आहेत
की एकच जाड रेघ वाटते.

काल दारिगाचा फोन आला.
माझी कोळंबी आहे ना, आई?
आहे. मिशा हलवते.
आणि बाबा?
आतल्या खोलीत दिवा लागला होता, घड्याळाकडे पाठ करून
तो तक्ता वर धरून उभा होता.
पाणी जोखतायत, म्हटलं.
दहा.