माहीत असलेले दोष

नव्या आवृत्तीत काय काय नवं आहे
ते मी रात्री साडेबाराला वाचतोय,
नगरपालिकेच्या तळघरात, अंगात जाकीट,
कारण इथली थंडी यंत्रांच्या सोयीने ठरते.
वर किरुना, डिसेंबर.
सूर्य रजेवर गेलाय, नव्या वर्षात रुजू होईल.

लिहिलंय: चालतं यंत्र न थांबवता
या पेटीतून त्या पेटीत नेता येईल,
आता पेट्या वेगळ्या पिढीच्या असल्या तरी.
आधी स्मृतीचं पान न् पान तिकडे उतरवायचं.
तोवर इकडे काही पानं पुन्हा लिहिली जातात,
ती पुन्हा उतरवायची. मग पुन्हा.
शेवटी इतकी थोडी उरतात
की एक श्वास रोखला तरी पुरे.
यजमान बदलतो,
पाहुण्याला पत्ता लागत नाही.

थर्मासमधली कॉफी ओतली.

आमचं घर मे महिन्यात असंच उचललं.
खाणीने डोंगर आतून इतका खाल्ला
की गावालाच सरकावं लागतंय, पूर्वेकडे.
कितीतरी घरं पाडली. आमचं पिवळं, लाकडी,
चाकांवर चढलं.
आई म्हणाली, मी आतच बसते, स्वयंपाकघरात,
तुझ्या त्या पाहुण्यांसारखी.
ठेकेदाराचा तोइवो नाही म्हणाला.
मग तिने भिंतीवरच्या घड्याळाला चावी दिली,
कुलूप लावलं, आणि घरामागून चालत राहिली,
हातात पर्स घेऊन,
कुणाला तरी स्टेशनपर्यंत पोचवायला निघाल्यासारखी.

पुढे: कोण कोणाशेजारी राहील, याचे नियम.
ग्रंथालय आणि शाळेचं जेवणखातं एकत्र चालतील.
इस्पितळाची दोन टेलिफोन यंत्रं मात्र
कधीच एका छपराखाली नकोत,
एक पेटी गेली तर दुसरीने हॅलो म्हणायला हवं.
हे उत्तम आहे.
आईला नव्या गल्लीत शेजार मिळाला
बिर्गर सुंडेलिनचा,
ज्याच्याशी ती एकोणीस वर्षं बोलत नव्हती,
बर्फ कुणी कुणाच्या दारात लोटला यावरून.
नगरपालिकेच्या अर्जात
या नियमाला रकाना नव्हता.

जुन्या क्षणांच्या प्रतींची साखळी असते.
तिची मधलीच कडी आता काढता येते,
पुढचं मागचं न तुटता.
मी कोणती काढली असती
ते इथे लिहीत नाही.

आणि गडद रंगसंगती.
दिवसपाळीचा मिक्केल हिच्यासाठी वर्षभर भांडला.
या गावात, या महिन्यात
आणखी काळोख मागणारा तो एकटाच असेल.

दीडच्या सुमाराला खाणीत सुरुंग उडाले.
फरशी हलकेच हुंकारली, रोजच्यासारखी.
मी पहिला पाहुणा निवडला: ग्रंथालयाची यादी,
रात्री तिला कुणी काही विचारत नाही.
पट्टी सरकत गेली. नव्वदवर अडखळली.
मी उगाच उठून उभा राहिलो.
मग शंभर.
थांबण्याचा काळ: अडतीस हजारांश सेकंद.

सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, माहीत असलेले दोष.
«स्थलांतरानंतर काही पाहुण्यांचं घड्याळ
मागे राहू शकतं. तपास चालू आहे.»

आमचं राहिलं नव्हतं.
नव्या जागी कुलूप उघडलं
तेव्हा ते भिंतीवर टकटक करत होतं, मिनिटाला मिनिट.
कपाटातला एक कप तेवढा कलंडला होता.
आई खिडकीशी गेली
आणि तिथेच उभी राहिली.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात.
वासे जागच्या जागी होते,
डोंगर फिरला होता.
अजून ती सकाळची कॉफी
भिंतीकडे तोंड करून पिते,
जिकडे तो असायला हवा तिकडे.
याची कुठे नोंद करायची मला माहीत नाही.

वहीत लिहिलं: ग्रंथालय हलवलं,
एक वाजून एकेचाळीस, काही थांबलं नाही.
उरलेले चौतीस पाहुणे उद्या.
सातला सुटलो की आईकडे जायचंय,
दारातला बर्फ काढायला.
सुंडेलिनच्या बाजूला लोटायचा नाही.