मूठ

उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत
वाळू तपासायचं यंत्र आहे, काचेच्या कपाटात.
कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे.
भरमू मात्र मुठीत धरून सांगतो:
लाडवाएवढी घ्यायची, आवळायची, मूठ उघडायची.
बोटांचे ठसे उठले, मोडल्यावर कड सरळ राहिली, तर चालू करा.
तळव्याला चिकटली, तर नको.

त्या रात्री तो म्हणाला,
"थांबा की साहेब, चिकटाय लागलीया."
मी घड्याळ बघितलं.
पुण्याची गाडी दुसऱ्या दिवशी लागणार होती,
पंपाच्या बेचाळीस बॉड्या,
भट्टी तांबडी संपून पांढरी झालेली.
मी म्हणालो, ओता.

दुपारी बॉड्या मशीनवर चढल्या, वरून देखण्या,
आणि पहिल्याच कटात आतली भोकं उघडी पडली,
हरभऱ्याएवढी, वाटाण्याएवढी.
एकोणचाळीस बाद.

रजिस्टरात कारणाचा रकाना असतो.
मी लिहिलं: वाळू ओली. मिलवर भरमाण्णा कोलकार.
सुवाच्य अक्षरात.
खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.
भरमूचे दोन दिवस कापले गेले.
त्यानं कानडीत सही केली, गोल, वळणदार,
आणि मिल सुरू करायला गेला.

त्यानंतर फाउंड्री सुरळीत चालली.
हेच सांगायचंय मला. सुरळीत.
मराठीत होय साहेब, कानडीत हौद्री साहेब,
क्रेनवरून सुंड्याप्पाचा नुसता अंगठा.
लॅडलचा कान झिजलाय
हे मला तो तुटल्यावर कळलं.
कोअर हलतात, हे गिऱ्हाईकाच्या पत्रातून.
मी चहाच्या गाड्यापाशी पोचलो
की बोलणं येळ्ळूरच्या भातावर यायचं.

वडील म्हणायचे, झाकली मूठ सव्वा लाखाची.
ते खानापूरच्या कचेरीत होते, तिथं खरं असेल.
इथं झाकल्या मुठीतलं
शेवटी लोखंडच बोलून दाखवतं,
आणि ते फार उशिरा बोलतं.

साडेचार महिन्यांनी मी जुनं रजिस्टर काढलं.
पेनानं रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी.
वर लिहिलं: यानं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.
नाव, सही, तारीख.
दोन दिवसांचे पैसे खिशातून दिले.
भरमूनं ते मोजून घेतले. "असू दे की," म्हणाला.
मी त्याला माफी समजलो.
नव्हती. ते पैसे होते.

मग रोज पाळीच्या सुरुवातीला
त्याच्या शेजारी उभा राहून मूठ आवळायला शिकलो.
वाईट शिकलो.
महिनाभर तो काहीच बोलला नाही.
एकदा माझी बोटं धरून म्हणाला, "एवढा जोर कशाला?"

फाल्गुनात, गाडी दारात,
धातू चौदाशेवर, लॅडल साच्यावर वाकायला आलेली,
आणि पंख्यांच्या घरघरीतून कुणीतरी ओरडलं:
निल्री!

भरमू नव्हता तो.
तीन आठवड्यांपूर्वी आलेलं मच्छ्याचं पोर, सातेरी.
त्याला कानडी धड येत नाही,
पण थांबवायला तोच शब्द हाताशी लागला.

मी हात वर केला.
साचा उघडेपर्यंत धातू थांबत नाही,
तो पिगच्या खड्ड्यात गेला, सातशे किलो.
गाडी रिकामी गेली.
साच्यात आम्ही बॅटरी मारून बघितलं.
काही नव्हतं.
वाळू चांगली, कोअर जागच्या जागी.
पोराचा अंदाज चुकला होता.

आता सगळे बघत होते. माझ्याकडे नाही,
रजिस्टराकडे.
सुंड्याप्पा क्रेनवरून खाली उतरलेला,
कधी नव्हे तो.

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं:
शंका आली. थांबवलं.
आणि खाली माझं नाव.

पोराचे ओठ कोरडे पडलेले.
भरमूनं मिलमधून वाळू उचलली,
त्याच्या हातावर ठेवली.
"आवळ," म्हणाला.
"आता उघड."