खिद्रापूर, दुपार

कुरुंदवाडातून वडाप मिळालं,
माझ्या मांडीवर कुणाच्या तरी वांग्यांची पाटी.

देवळात पद्मण्णा. चाव्या कमरेला.
हत्ती मोजा म्हणाला.
मी तेविसाला चुकलो;
सोंडा तुटलेल्या, मोजायचं कुठून?

महापुराचं विचारलं
तर नुसता चालत राहिला.
मग एका हत्तीच्या कानावर तळवा टेकला,
"हितवर."
आणि उगाच तिथली धूळ पुसली.

स्वर्गमंडपात मला
गोल शिळेवर उभं केलं: "आता वर बगा."
छताला भोक, भोकात ऊन.
एक घार
आली, गेली.
फोटो राहिलाच.

परतीच्या वडापात तीच बाई,
पाटी रिकामी.
"दिसलं का काय?"
मी मान हलवली.
दुखली.