पासंग

बारा लाख रुपये. सत्तावीस अर्ज.
शुक्रवारी दुपारी एरंडवण्यात बैठक
आणि माझ्या हाती शंभर गुणांचा तक्ता.

येरवड्यात, पत्र्याच्या खोलीत, जरीनाबाईंची अभ्यासिका.
"जूनमध्ये किती मुलं होती?"
"एक्केचाळीस."
"आता?"
"एकोणीस."
गळतीच्या रकान्यात मी आकडा लिहिला.
त्या समोरून, उलट्या बाजूनं बघत होत्या
पेन कुठं थांबतं ते.

मग उठून त्यांनी फळीवरची वही काढली,
पाठकोरे कागद दोऱ्यानं शिवलेली.
तिच्यात गेलेल्यांची हजेरी:
अरमान, खोली पाडली, हडपसरला.
दिशा अडागळे, नववीत घातली, आता शाळाच लांब.
सोहेल, गॅरेज. रविवारी येतो, अपूर्णांक विचारतो.
रेणुका, माहीत नाही.
आणि तिच्यापुढे तीन तारखा,
तीनदा घरी जाऊन कुलूप बघून आल्याच्या.

माझ्या तक्त्यात
"माहीत नाही"ला रकाना नव्हता.

बाणेरच्या संस्थेचा अहवाल गुळगुळीत,
पानं जाड, आलेख चढते.
लबाडी म्हणावी तर तीही नाही.
मी मांडी घालून ऐकलंय,
त्यांची मुलं खरंच घडाघडा वाचतात.
अवघड तेच आहे.

रात्री वडील आठवले.
बोहरी आळीत तराजू दुरुस्त करायचे.
गिऱ्हाईक कितीही घाईत असो,
वजनाला हात लावण्याआधी
रिकामी पारडी डोळ्यांसमोर धरायचे, श्वास रोखून.
"काटा झुकत असेल तर आधी पासंग बांध.
नाहीतर तू काहीही तोल, खोटंच निघणार,
आणि वर तुला ते खरं वाटणार."

मी सगळे गुण पुसले. तक्ता रिकामा धरला.
अर्ज इंग्रजीत: चार.
हजेरी संगणकावर: पाच.
पगारी हिशेबनीस: सहा.
एकाही मुलाचं नाव येण्याआधी
एक पारडं पंधरा गुणांनी खाली.

बैठकीत हे मांडलं तेव्हा धारपांनी चष्मा काढला.
"म्हणजे नियम माणसागणिक वाकवायचे?"
मला चटकन उत्तर सुचलं नाही.
चहा आला. बिस्किटं मऊ पडलेली होती.
तासाभरानं ते पंधरा गुण वगळायचं ठरलं,
यंदापुरतं, आणि "प्रायोगिक" असा शेरा मारून.

जरीनाबाईंनी दोन लाख मागितले होते,
एक लाख चाळीस हजार मिळाले.
बाणेरलाही मिळाले, मागितल्याहून कमी.
कात्रजच्या एका संस्थेला काहीच नाही.

त्यांचं पत्र मीच लिहिलं.
"कळवण्यास खेद वाटतो" लिहून खोडलं.
कुठं कमी पडलात ते लिहिलं, मुद्द्यांसकट.
मग बराच वेळ थांबून खाली एक ओळ:
आम्ही तुमच्याकडे एकदाच आलो,
चाळीस मिनिटं,
आणि त्या दिवशी तुमच्या वस्तीत पाणी आलं होतं,
बाया नळावर होत्या,
तेही.