खापर

कायसेरीहून मिनीबसनं दीड तास,
मग बीटच्या शेतांमधून पायी.
टेकाडावर बघायला तसं काही नाही :
ताडपत्री, दोरीनं आखलेले चौकोन,
खड्ड्यात उतरणारी एक शिडी.
संग्रहालयाला कुलूप.
किल्लीवाला शेव्केत पुतणीच्या लग्नाला गेलाय,
तीनला येईल. नाहीतर चारला.

अक्रोडाखाली हाजेर बसली होती,
गुडघ्यांत प्लास्टिकचा टब धरून
जुन्या टूथब्रशनं मडक्यांचे तुकडे घासत.
चार हजार वर्षांचा चिखल
तिच्या कोपरावरून ओघळत होता
आणि तिला त्याचं काही नव्हतं.
खणायच्या हंगामात ही रोजंदारी,
मग बीट उपटायचं.

फोन मध्ये ठेवून आम्ही बोललो.
सासूच्या हाताखाली असताना बशी फुटली
तर तीन दिवस घरात कुणी बोलायचं नाही, ती म्हणाली.
इथं फुटल्याशिवाय नंबरच मिळत नाही.
खरंच, वाळत घातलेल्या एकेका तुकड्यावर
शाईचा मुंगीएवढा आकडा.

मला वाटलं, सांगावं हिला
आमच्यात याला काय म्हणतात.
टाइप केलं : खापर.
फोन जरा घुटमळला, मग तिच्या भाषेत काहीतरी बोलला.
हाजेरचा ब्रश थांबला.
तिनं टबात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि पडद्यावर मराठीत उमटलं :
अपराध? कोणाचा?

आता काय सांगणार.
की आमच्याकडे हे फोडतात ते नेहमी
दुसऱ्याच्या डोक्यावर.
की आजी, मग पणजी, आणि त्याच्याही मागची,
जिचं नाव घरात कुणालाच आठवत नाही,
ती खापरपणजी.
नाती मोजता मोजता बोटं संपतात
तिथं आम्ही एक फुटकं मडकं ठेवून दिलंय.
यातलं काहीच त्या फोनमधून गेलं नसतं.

हाजेर मात्र हसायला लागली होती.
टोपली पुढे ओढून म्हणाली,
अपराध एवढे, आणि धुणारी मी एकटी.
दुसरा ब्रश तिनं माझ्या मांडीत टाकला.

पावणेचारला शेव्केत आला,
कोटाच्या खिशात लग्नातले साखरेचे बदाम.
एकच खोली. ट्यूब पेटायच्या आधी बराच वेळ फडफडली.
मधोमध रांजण, एकशे बारा तुकड्यांचा,
आणि काठापाशी एक भोक, तळहाताएवढं.
सात वर्षं शोधतोय, शेव्केत म्हणाला,
जसं काही घरातलं कुणी
भांडून निघून गेलंय.
हाजेर माझ्यामागून अनवाणी आत आली
आणि तिनं त्या भोकात हात घालून
आतली धूळ पुसून काढली.
शेव्केतनं तेवढ्यापुरतं छताकडे पाहिलं.

परतीच्या थांब्यावर मिनीबसचा पत्ता नाही.
दोन मुली रस्त्यावरच घरं आखून
लंगडत खेळत होत्या.
आपलाच खेळ. तीच भांडणं रेघेवरून.
एकीची ठिकरी घरंगळत माझ्या पायाशी आली.

तांबूस. एका अंगाला वाकलेली, काठासारखी.
वर काळा पट्टा, रांजणाला होता तसा.
किंवा नव्हता तसा.
इथल्या प्रत्येक ढेकळात असले शंभर निघतील.

टेकाडावर शेव्केत दाराशी वाकलेला दिसत होता,
कुलूप लावत असावा. हाक गेली असती.
इकडे मुलगी एका पायावर, हात पसरून,
डोलत,
माझ्याकडे बघत होती : दे की!
तिचा दुसरा पाय अजून टेकला नव्हता.
टेकला असता तर ती बाद,
आणि खापर माझ्यावर.

मी ठिकरी तिच्याकडे टाकली.
पुसून दिली असती, पण तेवढा वेळ नव्हता.