एक मीटर बाय एक मीटर

मी उतारावर लाकडी चौकट टाकते.
तिच्या आत जे उगवलं ते मोजायचं,
नावानिशी लिहायचं, शुक्रवारी क्लूजच्या कचेरीत द्यायचं.
तोडोसिया दाताळ्यावर रेलून बघत राहते.
"एवढ्याशा खिडकीतून काय दिसणार गं तुला?"

कोल्हशेपूट केव्हाच फुलून गेलंय,
मऊ लोंबी, ओढली की नुसता भुसा हातात.
टिमोथी दिसायला तसाच, पण ताठ, खरखरीत.
"हा उशिराच येतो," ती म्हणते,
"जेवणं उरकल्यावर येणाऱ्या मामासारखा."
कोंबडपायाला गाय आधी तोंड लावते.
मखमलीला नाही. "लव बघून भुलू नकोस,
जनावर थुंकून टाकतं."

आणि थरथऱ्या.
वारा पडलेला, तरी केसाएवढ्या देठांवर
त्याची चपटी कणसं हलत असतात.
"जमीन भुकेली असली की हा येतो.
आमच्याकडे नेहमीच आला."

एका काडीपाशी मी अडते. हुंगते. काहीच नाही.
तोडोसिया हसते, पुढचे दोन दात नसलेलं.
"आत्ता नाही येणार. कापून दोन दिवस उन्हात पडू दे,
मग सगळी गंजी गोड वासाची होते.
माझ्या गाव्रिलाचं तसंच. वारला, आणि
गावभर चांगला माणूस झाला."

मी तिला नियम सांगते:
एक जुलैच्या आत कोयता लावलात तर अनुदान नाही.
आज चोवीस जून.
ती खाली वाकते, एक वाळकी बोंडी खुडते,
माझ्या कानाशी हलवते.
खुळखुळ.
"हा वाजला की कापायचं.
तुझ्या कचेरीला ऐकू येतं का हे?"

मोजणी अर्धी राहिली. पाऊस आला,
चौकट तिथेच टाकून मी पळाले.
पहाटे टेकडीवरून ठोके ऐकू आले,
टक् टक् टक्,
लांब दांड्याच्या कोयत्याचं पातं कुणीतरी ऐरणीवर ठोकत होतं.
मी कूस बदलली.

दुपारी वर गेले तर सगळा उतार आडवा,
ओळीओळीने, ओला, अजून हिरवा.
फक्त मधे माझी चौकट
आणि तिच्या आत
कोल्हशेपूट, टिमोथी, कोंबडपाय, मखमली,
काठाकाठाने जपून कोयता फिरवलेला,
एकही काडी दुखावलेली नाही.

मी गुडघ्यांवर बसून मोजणी पुरी केली. तेवीस.
'कापणीची तारीख' या रकान्यापाशी
पेन थांबलं.
थरथऱ्या हलत होता.
वारा नव्हताच.