पाचवा रकाना

सुकती साडेसातची, पोचलो आठला,
कारण मंथन तारीचं एक चप्पल
चिखलानं ठेवून घेतलं.

मिठबावच्या खाडीत, कांदळाच्या मुळांशी
सतरा मुलं आणि मी, उकिडवे.
"बोलायचं नाही," मी बोलले. तीनदा.

मग चिखलालाच डोळे फुटले.
आधी एक तांबडी नांगी, मग शंभर,
सगळ्या हलतायत;
बोलावतायत की हाकलतायत,
यावर पुढच्या रांगेत कुजबुज.

वहीत रकाने मीच आखून दिलेले:
नाव, रंग, किती, काय करत होता.
स्वरांगी कोयंडेनं पट्टी न घेता
पाचवा आखला: चव.

कुर्ली: गोड.
तिसऱ्या: आयेक इचारून सांगतंय.
खंड्या: खाणत नाय.

मी लाल पेन काढलं. परत ठेवलं.
तिच्या घरी खाडी रोज येते, पाटीतून.

शेवटी एक निवटा पाण्याबाहेर आला,
गाल फुगवून, परांवर रेलून बसला.
भरती टाचांना लागली तरी
दोघांपैकी कुणी हललं नाही.

काय करत होता: माका बघी होतो.

पाचव्यात तिनं काहीतरी लिहिलंय
आणि इतकं खोडलंय
की पानाला भोक पडलंय.